जिताड्याच्या मुंडीतला खडा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला जिताडा हा मासा घेतला तेव्हा वाटलेलं सगळं काम मशीनवरच असेल. पण निम्मं काम सकाळी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात होतं. ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांच्यासाठी लिहितेय.

माशाच्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात, ओटोलिथ, तीन जोड्या. हाडं झिजून परत बनतात तसं यांचं होत नाही, थरावर थर चढत जातो, पिल्लू असताना तर रोज एक, आणि मासा ज्या पाण्यात असेल त्यातलं स्ट्रॉन्शियम, बेरियम थोडं थोडं त्या थरात अडकून राहतं. खाऱ्यात स्ट्रॉन्शियम जास्त, गोड्यात बहुतेक वेळा बेरियम. मग गाभ्यापासून कडेपर्यंत लेझर फिरवून थराथरातलं हे प्रमाण मोजलं की मासा कुठल्या वयात कुठे होता ते दिसतं. जिताडा खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो, बरीच पिल्लं गोड्या पाण्याकडे चढतात पण काही जन्मभर खाऱ्यातच राहतात, त्यामुळे प्रत्येक खडा वेगळं सांगतो, मला तर याचंच वेड लागलं.

मुंडीला कालवणासाठी गिऱ्हाईक असतं, म्हणून मासे विकणाऱ्या मावशीशी आधी बोलून ठेवा. माझी मावशी म्हणायची, "खडा ने, मुंडी ठेव." आणि मासा खाडीतला की तळ्यातला हे विचाराच, रायगडकडे जिताडा तळ्यात पाळतात आणि तसला मासा आला तर तुम्ही स्थलांतर नाही, तळ्याचं पाणी मोजत बसाल.

चिमटा प्लास्टिकचाच घ्या, धातूचा लागला की आकडे खराब होतात. खडा रेझिनमध्ये बसवून कापायचा आणि घासायचा. माझ्या पहिल्या चार खड्यांचा गाभाच घासून गेला, म्हणजे माशाचं लहानपणच गेलं, परत मिळत नाही ते. दर दहा-बारा वेळा घासलं की मायक्रोस्कोपखाली बघा. काचेसारखा पारदर्शक दिसणारा खडा बाजूला काढा, त्यात ॲरागोनाइट या नेहमीच्या रूपाऐवजी व्हॅटेराइट हे कॅल्शियम कार्बोनेटचं दुसरं रूप असतं, स्ट्रॉन्शियम आपोआप कमी येतं आणि मासा नदीत गेलेला असं उगाच वाटतं. शिंगाळा माशावर काम असेल तर तीन जोड्यांपैकी एरवी घेतात तो सॅजिटा खडा नको, त्याचा लॅपिलस हा दुसरा खडा मोठा असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, खड्यातले आकडे ताडून बघायला लागणारं पाणी. उल्हास नदीचं आणि ठाणे खाडीचं, भरतीला, ओहोटीला, पावसात आणि मे महिन्यात, स्वतः बाटल्या भरा. समुद्राच्या स्ट्रॉन्शियमचं आयसोटोप प्रमाण (स्ट्रॉन्शियम-87 भागिले स्ट्रॉन्शियम-86) सगळीकडे 0.7092 च्या आसपास, नदीचं मात्र तिथल्या दगडावर ठरतं, ते पुस्तकातून उचलून चालत नाही. मी पावसाळ्याच्या बाटल्या भरल्याच नव्हत्या, म्हणून कडेच्या थरांचा अर्थ लावायला अख्खं वर्ष थांबावं लागलं, पुढच्या जूनपर्यंत.