मोहफुले: जाळी कशी बांधावी, फूल कसे वाळवावे

नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर या पट्ट्यात मार्च लागला की मोह गळायला लागतो. रात्री सुरू झालेली गळ सकाळी नऊ-दहापर्यंत चालते आणि एकेक झाड दोन-तीन आठवडे फुले देते. पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखाली काडी लावायची ही जुनी रीत. ती आग बुंध्यापाशी थांबत नाही. साग, तेंदू आणि खुद्द मोहाचीही रोपटी त्यात जातात. म्हाताऱ्या मोहांखाली पोरसवदा मोह दिसत नाही तो बऱ्याच अंशी यामुळेच. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हाही आहे. झाडाखाली जाळी बांधली की फूल तिच्यातच पडते आणि काडीची गरज संपते. मात्र जाळ्या वाटल्या, फोटो काढले, काम झाले असे समजू नका. निम्मे काम जाळीच्या आधी असते आणि पैसा जाळीच्या नंतर, वाळवणात.

आधी झाडांचा हिशेब. कोणत्या घराने कोणता मोह वेचायचा हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, पण कुठे लिहिलेले नसते. जाळी बांधली की कुरबूर सुरू होते. म्हणून फेब्रुवारीत शिवारफेरी काढा, बुंध्यावर चुन्याने नंबर टाका, वहीत वेचणाऱ्या बाईचे नाव लिहा आणि यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. सामायिक झाडांना सुरुवातीला हात लावू नका. एकट्या बायका आणि भूमिहीन घरे बहुधा त्यांच्यावरच वेचतात. तिथे गटाची जाळी लागली तर ज्यांच्यासाठी जाळ्या आणल्या त्यांचीच टोपली रिकामी राहते.

जाळीसाठी ५० टक्के सावलीचे हिरवे शेडनेट पुरते. त्याहून दाट घेतले तर पाणी साचते. मासे पकडायची मोठ्या घराची जाळी नको. फूल जेमतेम बोराएवढे, ते गळून जाते आणि हरणांचे पाय अडकतात. फांद्यांचा पसारा आठ मीटर रुंद असलेल्या झाडाला नऊ बाय नऊ मीटर जाळी लागते. तीन मीटर पन्ह्याच्या नेटचे नऊ-नऊ मीटरचे तीन तुकडे घ्या आणि लांबीकडून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवा. मधल्या पट्टीला एका टोकापासून मध्यापर्यंत, म्हणजे साडेचार मीटर, उभी चीर द्या; बुंधा त्यातून आत घ्यायचा. चिरेच्या दोन्ही कडा दुमडून त्यात सुतळी ओवा, नाहीतर पहिल्याच वावटळीत जाळी तिथून फाटते. चीर बांधून बंद करा.

कडेने आठ बांबू रोवा. जाळी जमिनीपासून तीन-चार फूट उंच ठेवा, उताराची बाजू हातभर खाली. झोळ राहिला तर फुले मध्ये गोळा होतात, एकमेकांच्या भाराने चिरडतात आणि दुपारपर्यंत आंबूस वास सुटतो. ताण जास्त दिला तर फूल उसळून बाहेर जाते. मूठभर खडे टाकून पाहा: घरंगळत उताराकडे आले म्हणजे ताण बरोबर.

जाळीचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. पहाटे अंधारात, खाली वाकून वेचताना वाघ-अस्वलाचा धोका सर्वांत जास्त. जाळीत फूल पडून राहते, त्यामुळे चांगले उजाडल्यावर, तिघी-चौघींनी मिळून गेले तरी चालते. फार उशीरही नको, वानरे आणि चितळ तयारच असतात. गळ संपली की जाळी त्याच दिवशी सोडा. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात यातले काहीच करायचे नाही.

आता वाळवण. शेणाने सारवलेल्या अंगणात वाळवलेले फूल खाण्याच्या मालात धरत नाहीत. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, कमरेइतके उंच बांबूचे मचाण करा, वर नेट ताणा आणि फूल एक बोट जाडीचे पसरा. दिवसातून तीनदा हलवा. कडक उन्हात तीन-चार दिवस लागतात. संध्याकाळी ताडपत्री घालायलाच हवी. मार्च-एप्रिलात इकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट नवी नाही, आणि एकदा भिजलेले फूल काळे पडते, ते पुन्हा सोनेरी होत नाही.

वाळले की नाही हे नजरेने ठरवू नका. पहिल्या दिवशी ५ किलो ताजे फूल वेगळे मोजून त्याच मचाणाच्या एका कोपऱ्यात ठेवा. ताज्या फुलात साधारण ७५ टक्के पाणी धरले, तर ५ किलोत कोरडा अंश सव्वा किलो. १२ टक्के ओलावा ठेवायचा म्हटले तर वजन १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास यायला हवे. काटा पावणेदोन किलोवर असताना पोते भरले, तर आषाढात त्याची ढेप होणार. काटा नसेल तर मूठ आवळून सोडा: फुले सुटी झाली तर ठीक, लाडू झाला तर आणखी एक ऊन. पुंकेसर सुकल्यावर हलक्या हाताने चोळून सुपात पाखडले की निघतात. हे काम केलेल्या मालालाच खाद्यपदार्थवाले हात लावतात.

एप्रिलात सगळ्यांचाच माल येतो तेव्हा भाव पडलेला असतो, आणि पावसाळ्यात तेच फूल महाग होते. म्हणून निम्मा माल तरी ठेवा. झाकणाचा कोरडा ड्रम किंवा आत प्लास्टिकची पिशवी घातलेले पोते, फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर. खताचे-औषधाचे जुने पोते चुकूनही नको. ड्रम श्रावणात विनाकारण उघडू नका. विकायचा तेवढाच काढा.

कागदपत्रांचे थोडक्यात. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) आधार इथे मिळत नाही. आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा. सामूहिक हक्क मिळालेल्या गावात मोहफुलांसारख्या गौण वनउपजाची मालकी हक्कधारकांची असते, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते. गाडी भरण्याआधी तो लिहून घ्या, तारखेसह.

हंगाम संपला की जाळ्या साध्या पाण्याने धुऊन, वाळवून टांगा. फुलाचा गोडवा नेटला चिकटलेला असतो. तशीच गुंडाळून कोठीत टाकलेली जाळी दिवाळीपर्यंत उंदीर कुरतडून ठेवतात.