रोबोच्या हातात पॉलिश पेपर देण्याआधी

नागपूरचं मिहान म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना विमानं दुरुस्त करणारा हँगर आठवतो. पण बोइंग ७८७ च्या केबिनखालचे कार्बन फायबरचे फ्लोअर बीमही इथेच, टाटांच्या कारखान्यात बनत आलेत. त्या विमानाचं जवळपास निम्मं वजन अशा कंपोझिटचं, म्हणजे फायबर आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन यांच्या मिश्र साहित्याचं आहे.

असे भाग रंगाआधी रोबोकडून घासून घ्यायच्या कामात यायचंय, रोबो प्रोग्रॅमिंगचा कोर्स कुठे करू, असं बरेच जण विचारतात. कोर्स कुठेही करा. टीच पेंडंट, म्हणजे रोबोला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट, लवकर हाताखाली येतं. गाडी अडते ती सँडिंगपाशी, म्हणजे पॉलिश पेपरने घासण्यापाशी.

साच्यातून निघालेला भाग चकचकीत असतो, त्यावर रिलीज एजंटचा, म्हणजे भाग साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाचा, अंशही राहतो. तसाच प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला तर तो धरत नाही. म्हणून आधी पुसायचं, मग घासायचं. किती? वरचं रेझिन खरवडलं जाईल इतकंच, फायबर उघडं पडलं की भाग दुरुस्तीला गेला. बाहेरच्या पॅनलमध्ये तर विजेपासून बचावासाठी तांब्याची बारीक जाळी अगदी वरच्या थराखालीच असते.

वेल्डिंगचा रोबो ठरलेल्या जागी पोचला की बरंचसं काम झालं. इथे जागेपेक्षा दाब महत्त्वाचा. प्रत्यक्ष भाग ड्रॉइंगशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे नुसत्या ड्रॉइंगवर चालणारा रोबो एके ठिकाणी हवेत फिरतो आणि दुसऱ्या ठिकाणी खड्डा पाडतो. म्हणून मनगटापाशी दाब कायम ठेवणारं हेड लावतात, शिवाय भाग आधी स्कॅन करतात. तरी कडा राहतातच. पेपर लावलेला पॅड कडेवरून अर्धा बाहेर गेला की सगळा दाब उरलेल्या अर्ध्यावर येतो आणि कोपरा झटक्यात उडतो. पेपर झिजतो तेव्हा दाब तोच, वेग तोच, पण कटिंग कमी. प्रोग्रॅमला ते आपोआप कळत नाही.

हाताने घासणाऱ्याला मात्र कळतं. आमच्याकडचे एक जुने पेंटर काका नव्या इंजिनिअरला ऑर्बिटल सँडर (हातात धरून घासायचं मशीन) देऊन म्हणतात, "आयक ना भाऊ, पेपर बोलते." खरंच, पेपर रेझिनने भरला की आवाज बदलतो. हे ऐकायला शिकलात की पेपर कधी बदलायचा, हे प्रोग्रॅममध्ये लिहिता येतं. त्यामुळे डिप्लोमा असो की व्हीएनआयटीची डिग्री, सुरुवातीला सँडर मागून घ्या. पाण्याची चाचणीही स्वतः करा: घासून, पुसून झालेल्या भागावर शुद्ध पाणी सोडायचं. अखंड पापुद्रा टिकला तर ठीक. थेंब थेंब होऊन फाटला तर कुठेतरी तेलकटपणा आहे. रोबोच्या स्क्रीनवर सगळं हिरवं असताना भाग इथे नापास होऊ शकतो.

मास्क आणि धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमबद्दल कुरकुर नको. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की कंट्रोल पॅनलचं दार उघडून समोर पंखा लावायचा मोह होतो. पण कार्बनची धूळ वीज वाहून नेते, आत गेली तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. दार बंदच ठेवा, पॅनलच्या कूलरचा फिल्टर साफ करा.