सीपीच्या मुलाला पाण्यात उतरवण्याआधी

बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) होऊन मराठवाड्यात सीपीच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी पाण्यातले व्यायाम सुरू करणार असाल, तर दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सच्या आधी थर्मामीटर घ्या. स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठ असलेल्या मुलाला ३३ ते ३५ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. पोहणाऱ्यांना २७-२८ अंशही छान वाटतं. पण तेवढ्या पाण्यात या मुलाच्या मांड्या आवळतात, टाचा वर खेचल्या जातात. हात बुडवून 'कोमट आहे' म्हणू नका, फूटभर खाली मोजा.

३ मीटर लांब, २ रुंद, १ खोल टाकीत ६,००० लिटर पाणी बसतं. ते २५ वरून ३३ वर न्यायला, जराही उष्णता वाया न जाता, ५६ युनिट वीज लागते. ३ किलोवॉटच्या हीटरला साडेअठरा तास. म्हणून सोलर आणि रात्री टाकीवर झाकण. मूल पाण्यात असताना हीटरचा प्लग काढलेलाच हवा.

उन्हाळ्यात चिंता नाही असं वाटतं, आणि खरी फसगत तिथेच होते. परभणीत बाहेर ४२ अंश असले तरी हवा कोरडी. ओल्या अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि लेकरू बाहेर येताच कुडकुडतं. त्यात कुणीतरी मायेने कूलर लावतं! सैल झालेले पाय पुन्हा ताठ. टॉवेल काठावरच हवा, कूलर-पंखा बंद, ओले कपडे लगेच उतरवा. स्ट्रेचिंग आणि स्प्लिंट (हातपाय योग्य स्थितीत धरणारा आधार) अंग गरम आहे तोवरच.

विहिरीवर वापरतात ती ट्यूब नको. ती काखेत अडकते, खांदे वर चढतात, मान मागे जाते. लंडनमध्ये १९४९ साली जेम्स मॅकमिलन यांनी सुरू केलेल्या हॅलिविक पद्धतीत तरंगती साधनं नसतात. एका मुलामागे एक माणूस असतो. आधी बरगड्यांना धरा, तोल जमला की हात कमरेकडे न्या. सगळ्यात आधी पाण्यावर फुंकर मारायला शिकवा, नाहीतर पाणी नाकातोंडात जातं.

ताप, जुलाब, उघडी जखम, आटोक्यात नसलेली फिट असेल तर साफ नाही म्हणा. जेवण आणि व्यायामात किमान तासाभराचं अंतर ठेवा.

पहिले काही दिवस मूल रडेल. घाबरू नका, दहा मिनिटंही पुरतात. छातीइतक्या पाण्यात पायांवर वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो, म्हणून जमिनीवर न टिकणारं मूल तिथे उभं राहतं. ते पाहून आई-बाबा 'आता चालेल ना?' विचारतील. हो म्हणू नका, आणि जमिनीवरचे व्यायाम बंद करू देऊ नका.