मालवाहू जहाजाचा समुद्रातील ठावठिकाणा कसा शोधावा
जहाज नावावरून शोधू नये, कारण नावे बदलतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओ) योजनेनुसार जहाजाला मिळणारा सात अंकी आयएमओ क्रमांक मात्र जहाज भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करावी : बेरजेचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळला, तर क्रमांक बहुधा बरोबर टिपला आहे. तो मरीनट्रॅफिकसारख्या, जहाजांची ठिकाणे नकाशावर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकल्यावर नकाशातील खुणेआधी तिची वेळ वाचावी, कारण जहाजावरील एआयएस यंत्राचे (जहाजाची ओळख व स्थान आपोआप कळवणाऱ्या यंत्राचे) संदेश किनाऱ्यावरील केंद्रांपर्यंत साधारणपणे ४० सागरी मैलांवरूनच पोहोचतात आणि त्यापलीकडचे स्थान उपग्रहामार्फत, पुष्कळदा उशिराने, कळते. खूण तासन्तास हलली नाही, तरी काळजी करू नये. एआयएसमध्ये पुढचे बंदर जहाजावरील अधिकारी हाताने भरतात. तिथे मागील फेरीचेच नाव राहून गेलेले असू शकते, म्हणून दिशा आणि वेग यांच्याशी ते ताडून पाहावे.