विमानामागच्या पांढऱ्या रेघेसाठी नियम कसा करावा

हवाई वाहतुकीमुळे 2018पर्यंत झालेल्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा साधारण एक-तृतीयांश आहे, असा 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्याचा अंदाज आहे. बाकीचं बहुतांश ओझं कॉन्ट्रेलचं, म्हणजे विमानामागे उमटून पसरणाऱ्या ढगांचं, आणि त्याखालोखाल नायट्रोजन ऑक्साइड्सचं, म्हणजे इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत तयार होणाऱ्या वायूंचं. या अंदाजात अनिश्चितता बरीच आहे, तरी नियम करायला तेवढं ज्ञान पुरेसं आहे.

हे बाकीचं ओझं हिशेबात धरण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला सरसकट दोन किंवा तीनने गुणणं. जपानच्या हवाई क्षेत्रावरच्या एका अभ्यासात जेमतेम 2 टक्के उड्डाणांमुळे कॉन्ट्रेलच्या एकूण तापपरिणामाचा 80 टक्के भाग घडल्याचं दिसलं. सरसकट गुणकात ही उड्डाणं वेगळी ओळखूच येत नाहीत. उलट कॉन्ट्रेल टाळायला थोडं जास्त इंधन जाळणाऱ्या कंपनीलाच दंड बसतो. म्हणून हिशेब प्रत्येक उड्डाणाचा वेगळा हवा.

त्यासाठी आधी माहिती गोळा करा: वेळेसह उड्डाणमार्ग आणि उंची, विमान व इंजिनाचा प्रकार, वजन, इंधनाचा वापर, इंधनाची घडण आणि त्या वेळचं हवामान. युरोपीय संघाने 2025पासून अशी नोंद बंधनकारक केली. त्यातली एक युक्ती उचलण्यासारखी आहे. कंपनीने इंधनाची माहिती दिली नाही, तर वाईटात वाईट मूल्य धरलं जातं: ॲरोमॅटिक्स (जळताना काजळी करणारे इंधनातले घटक) 25 टक्के, त्यांतलंच नॅप्थलीन 3 टक्के, गंधक 0.3 टक्के. मग माहिती द्यायला कोणी टाळाटाळ करत नाही.

पुढचा प्रश्न कोणत्या रेघेची काळजी करायची हा. साधारण उणे 40 अंश सेल्सियसखालच्या हवेत काजळीच्या कणांवर बर्फ जमून रेघ उमटते. हवा कोरडी असेल तर ती काही मिनिटांत विरते. तिच्यासाठी काहीच करू नका. हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल, म्हणजे बर्फ टिकून वाढेल इतकं जादा बाष्प तिच्यात असेल, तर मात्र रेघ तासन्‌तास टिकून पसरते. दिवसा ती ऊन परतवून थोडी थंडावाही देऊ शकते. रात्री फक्त उष्णता अडवते, त्यामुळे सुरुवात रात्रीच्या उड्डाणांपासून करावी.

हे अतिसंपृक्त थर बहुधा काहीशे मीटरच जाड असतात. म्हणून 2000 फूट वर किंवा खाली जाणं अनेकदा पुरतं. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांच्या 2023मधल्या 70 चाचणी उड्डाणांत कॉन्ट्रेल 54 टक्क्यांनी घटले आणि उंची बदललेल्या उड्डाणांत इंधन 2 टक्के जास्त लागलं. प्रत्यक्षात अडचणी तिथूनच सुरू होतात. जड विमान सुरुवातीला वर चढूच शकत नाही, खाली उतरलं तर इंधन जास्त जळतं, आणि गजबजलेल्या आकाशात नियंत्रकाकडे मोकळी पातळी नसते. त्यातच एवढ्या उंचीवरच्या बाष्पाचा अंदाज अजून कच्चा आहे: जास्तीचं इंधन नक्की जळतं, फायदा मात्र अंदाजावर टांगलेला. त्यामुळे मार्ग बदलायला लावण्याची अट कडक ठेवा. अपेक्षित फायदा जादा कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट असेल तेव्हाच मार्ग बदलायला सांगा.

ही तुलना किती वर्षांची, हे नियमातच लिहा. कॉन्ट्रेलचा परिणाम काही तासांचा, कार्बन डायऑक्साइडचा शतकांचा. 20 वर्षांच्या मापात कॉन्ट्रेलचं वजन 100 वर्षांच्या मापापेक्षा तिपटीहून जास्त भरतं. मोघम ठेवलंत तर प्रत्येक जण सोयीचं माप उचलेल. तीन कालावधींचे आकडे मागवा, निर्णय मात्र एकावरच घ्या.

पडताळणी ज्या अंदाजावरून मार्ग आखला त्याच अंदाजावरून करू नका, नाहीतर चूक चुकीलाच प्रमाणपत्र देईल. नंतर निरीक्षणांनुसार सुधारलेली हवामानाची माहिती आणि उपग्रहचित्रं वापरा. चित्रांतही पसरलेला ढग कोणत्या विमानाचा हे दर वेळी सांगता येत नाही. दंड लावण्याआधी हे ध्यानात असू द्या.

इंधनाचा नियम त्यामानाने सोपा. ॲरोमॅटिक्स कमी केले की काजळी घटते. जर्मनी व अमेरिकेच्या संयुक्त उड्डाण-मोजमापांत कमी ॲरोमॅटिक्सच्या मिश्र इंधनाने बर्फकण 50 ते 70 टक्क्यांनी घटले. असं इंधन थोडंच असेल तर ते सगळीकडे पातळ वाटण्यापेक्षा कॉन्ट्रेलच्या जोखमीच्या उड्डाणांना द्यावं. नायट्रोजन ऑक्साइड्सचं प्रकरण अवघड आहे: इंजिनाची प्रमाणपत्रं 3000 फुटांखालच्या उत्सर्जनावर बेतलेली असतात, तर ओझोन या उष्णता अडवणाऱ्या वायूवरचा त्यांचा मोठा परिणाम समुद्रसपाटीपासून 10 किलोमीटरच्या आसपास होतो. तिथल्या उत्सर्जनासाठी वेगळी गणनापद्धत ठरवूनच मर्यादा घाला.