हिपॅटायटिससोबत जगताना इंटरनेटवर काय वाचावं, कुणाला विचारावं

शोधायला बसण्याआधी तुमचा रिपोर्ट समोर घ्या, आणि सर्चमध्ये 'कावीळ' हा शब्द टाकू नका.

या एका शब्दामुळे कितीतरी माणसं पहिल्याच पायरीला चुकतात. कावीळ हे लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे होतात, मग त्यामागे हिपॅटायटिसचा, म्हणजे यकृताला सूज आणणारा, ए, बी, सी, डी, ई यांतला कुठलाही विषाणू असेल, दारू असेल, एखादं औषध असेल नाहीतर पित्तनलिकेत अडकलेला खडा असेल. ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून येतात आणि बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांत आपणहून जातात. 'अमुक रस घेतला आणि पंधरा दिवसांत बरा झालो' असं सांगणारा खोटं बोलत नसतो, पण त्याचा आजार रस न घेताही गेला असता. बी आणि सी मात्र यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतात, आणि त्या काळात बहुतेकांना काही जाणवतही नाही. मला बी आहे. १६ वर्षांत माझे डोळे एकदाही पिवळे झालेले नाहीत.

म्हणून रिपोर्टवर जे नाव छापलंय तेच, स्पेलिंगसकट, टाइप करा. सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेच्या तथ्यपत्रकापासून करा. बी आणि सीची पत्रकं वेगवेगळी आहेत, आपलं तेवढंच वाचा. बी असेल तर त्यानंतर हिपॅटायटिस बी फाउंडेशनची साइट बघा. एवढं सोपं आहे.

वाचलेलं आपल्याला लागू आहे का?

अवघड काम हे आहे, आणि इथेच मी फसले होते.

बीवरची गोळी एन्टेकॅविर सुरू करून चौथं वर्ष चालू होतं. रक्तात विषाणूचा डीएनए किती आहे ते मोजणाऱ्या रिपोर्टवर 'नॉट डिटेक्टेड', म्हणजे सापडला नाही, असं आलं. त्याच आठवड्यात एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की त्याचंही 'नॉट डिटेक्टेड' आलं, गोळ्या बंद झाल्या, तो आता पूर्ण बरा आहे. मी डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली. तिसऱ्या महिन्यात जिना चढवेना. नेहमी चाळिशीच्या आत असलेलं एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, सहाशेच्या वर गेलेलं होतं. गोळी पुन्हा सुरू झाली, तरी आकडे खाली यायला कित्येक महिने लागले. ती पोस्ट मी नंतर पुन्हा शोधून वाचली. त्या माणसाला सी होता.

रिपोर्टवरचे शब्द तेच असले, तरी बी आणि सी मध्ये त्यांचा अर्थ एक नाही. सीच्या गोळ्यांचा कोर्स साधारण ८ ते १२ आठवड्यांचा असतो. तो संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात सीच्या विषाणूचा आरएनए सापडला नाही, तर तो माणूस बरा झाला असं धरतात, आणि ९५ टक्क्यांहून अधिक लोक तसे बरे होतात. बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात स्वतःच्या डीएनएचं एक बंद वर्तुळ ठेवून देतो. एन्टेकॅविर किंवा टेनोफोविर नव्या प्रती बनणं थांबवतात, पण त्या वर्तुळाला हात लावत नाहीत. गोळी चालू असताना आलेलं 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे गोळी काम करते आहे, इतकंच. ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते.

तेव्हापासून कुठलंही पान उघडलं की मी आधी तीन गोष्टी बघते. विषाणू कोणता आहे? आकडे औषध चालू असतानाचे आहेत की संपल्यानंतरचे? आणि पान कधी लिहिलंय? यांतलं एक जरी सापडलं नाही, तरी मी पुढे वाचत नाही.

तारखेकडे तर फारच दुर्लक्ष होतं. सीवरची नवी औषधं २०१३च्या अखेरीपासून येऊ लागली. त्याआधीचे अनुभव इंटरफेरॉनचे आहेत, म्हणजे महिनोन्‌महिने इंजेक्शनं, ताप, अंगदुखी, नैराश्य, आणि एवढं सोसूनही अनेकांना गुण नाही. ती जुनी पानं वाचून आजही लोक उपचाराला घाबरतात, याचं मला फार वाईट वाटतं. बीचंही तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनात, सिऱ्हॉसिस (यकृत कडक होऊन आकसणं) नसलेल्यांसाठी, डीएनएची पातळी मिलिलिटरमागे २०,००० आययूच्या (आंतरराष्ट्रीय एककांच्या) वर हा औषध सुरू करण्याचा एक निकष होता. २०२४मध्ये तो २,०००वर आला, सोबत एएलटी वाढलेलं असेल तर. 'तुम्हाला सध्या औषधाची गरज नाही' असं काही वर्षांपूर्वी सांगितलं गेलं असेल, तर पुन्हा जाऊन विचारा.

आणखी काही सापळे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहे. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे संरक्षण आहे. नावं सारखी दिसतात, अर्थ उलटे आहेत. अँटी-एचसीव्ही, म्हणजे सीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, तर सी बरा झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे ती बघून घाबरू नका, आरएनएचा रिपोर्ट बघा. आणि 'निष्क्रिय वाहक' (बीचा विषाणू अंगात आहे, पण शांत आहे) असाल तर विसरून जा, असं सांगणारं पान तिथेच बंद करा. बीमध्ये सिऱ्हॉसिस नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. नियमित तपासण्या सोडायच्या नाहीत.

'यकृत शुद्ध करणारी' पावडर किंवा काढा कुणी सुचवला, तर त्यातल्या प्रत्येक घटकाचं नाव लिव्हरटॉक्स या मोफत माहितीसंग्रहात शोधा. कोणत्या औषधाने आणि वनस्पतीने यकृताला इजा झाल्याची नोंद आहे ते तिथे मिळतं. अश्वगंधा आणि ग्रीन टीचा अर्क, दोन्ही त्यात आहेत. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हा समज यकृताच्या रुग्णाला परवडणारा नाही.

आधार देणारा ग्रुप

ग्रुप जरूर शोधा, पण आठवडाभर नुसतं वाचा. कुणी हमखास उपायाची जाहिरात टाकली तर चालवणारे ती काढतात का, एवढं बघा. काढत नसतील तर बाहेर पडा. खासगी मेसेज करून औषध विकणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नका.

प्रश्न विचारताना प्रकार, वय, औषध, किती महिने चालू आहे, आणि आकडे एककासकट लिहा. डीएनए आययूमध्ये आहे की कॉपीजमध्ये, यानेच आकडा साधारण पाचपट बदलतो. रिपोर्टचा फोटो टाकणार असाल तर नाव झाका, बारकोड आणि क्यूआर कोडही झाका. तो स्कॅन करून अख्खा रिपोर्ट उघडू शकतो.

डोस किती, बंद करू का, हे ग्रुपला विचारायचं नाही. जगण्याचे प्रश्न तिथे विचारायचे. एन्टेकॅविर उपाशीपोटी घ्यावी लागते, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. माझं ते वेळापत्रक रोज कोलमडायचं. झोपताना घेऊन बघ, हे मला एका बाईंनी सुचवलं. डॉक्टरांना विचारून तसं केलं, आणि तेव्हापासून एकही गोळी चुकलेली नाही. लग्न ठरण्याआधी समोरच्याला कसं सांगितलं, हेही तिथे ज्यांनी सांगितलंय त्यांच्याकडूनच ऐकायला मिळतं.

घरच्यांना मात्र लिंकांचा ढीग पाठवू नका. एकच विश्वासार्ह पान द्या आणि सोबत बसून वाचा. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने बी किंवा सी पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवायचे. सीवर लस नाही, बीवर आहे, म्हणून बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून ज्यांना गरज आहे त्यांना लस द्यायची. आमच्याकडे हे वाचन अर्ध्या तासात झालं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे तपासणीसाठी रक्त द्यायला गेले.