नक्षी वेगळी, घाट वेगळा: जुन्या अमेरिकन कोरीव काचेची ओळख

फॉस्टोरिया आणि केंब्रिज या अमेरिकन काच-कारखान्यांच्या ‘नवार’ आणि ‘रोझ पॉइंट’ या प्रसिद्ध नक्ष्या एका चित्रावरून ओळखता येतात. अडतं ते कमी प्रमाणात बनलेल्या नक्ष्यांपाशी. त्यांच्यासाठी घाट आणि नक्षी वेगवेगळी ओळखायची सवय लावून घ्यावी. १९२० ते १९५०च्या दशकांत ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनियातले कारखाने एकाच घाटावर कितीतरी नक्ष्या उठवत. केंब्रिजच्या ३४०० क्रमांकाच्या घाटावर ‘ॲपल ब्लॉसम’, ‘ग्लोरिया’ आणि ‘रोझ पॉइंट’ तिन्ही सापडतात. शिवाय लोटससारख्या सजावटीच्या कंपन्या दुसऱ्यांची कोरी भांडी घेऊन त्यांवर आपली नक्षी काढत. त्यामुळे पेल्याचा दांडा हायसी या कारखान्याचा दिसला तरी नक्षीही तिथलीच असं धरू नका.

पेल्यात काळा कागद गुंडाळून घाला, दिवा बाजूने धरा आणि दहापट भिंगातून पाहा. त्या काळी पोलादी पाटीवरची नक्षी मेणाच्या लेपाने पातळ कागदावर उचलून काचेवर दाबत, उरलेली काच मेणाने झाकत आणि भांडं हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवत. म्हणूनच पाकळीच्या आत बारीक रेघा-ठिपक्यांची छटा दिसते. कागदाची दोन टोकं मिळतात तिथे एखादं पान अर्धवट तुटतं किंवा रेघ दुहेरी होते. हा जोड शोधाच. पूर्ण वेढ्यात आकृती किती वेळा येते तेही मोजा. दोन सारख्या दिसणाऱ्या नक्ष्या अनेकदा इथेच वेगळ्या पडतात. सलग, एकसारखी वेटोळी असतील तर ते मेणावर सुईने रेघा ओढणाऱ्या यंत्राचं काम. छटा नसलेले सपाट पांढरे डाग आणि मध्ये कोऱ्या पट्ट्या दिसल्या, तर स्टेन्सिल लावून काच खाणाऱ्या घरगुती लेपाने केलेलं अलीकडचं काम असण्याची शक्यता मोठी.

शिक्क्यावर विसंबू नका. शंकरपाळ्याच्या आकारातला ‘एच’ हायसीच्या प्रत्येक नगावर नसतो आणि फॉस्टोरियाची कागदी लेबलं केव्हाच धुऊन गेली. पॅडन सिटी या कारखान्याच्या बऱ्याच नक्ष्यांची नावं तर संग्राहकांनी नंतर दिली आहेत, म्हणून वहीत घाटाचा क्रमांक आणि नक्षीचं नाव वेगळ्या रकान्यांत लिहा.

उंची मिलिमीटरपर्यंत मोजा. टवका उडालेली कड घासून सपाट केली की पेला जोडीदारापेक्षा दोन-तीन मिलिमीटर ठेंगणा भरतो आणि कडेचा गोलवा जातो. माप औंसात असेल तर पेला काठोकाठ भरून पाणी मोजा. १ औंस म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर. लिक्युअरचे १ औंसी पेले सहसा सगळ्यात दुर्मीळ, त्यामुळे तिथे तपासणी दुप्पट करावी.

धुरकट काचेत रात्रभर पांढरं व्हिनेगर ठेवा. सोनेरी कडेला मात्र ते लागू देऊ नका. क्षार असतील तर निघतात. डिशवॉशरमधल्या अल्कलीने काचच खाल्ली असेल तर काही उपाय नाही. ओल्या काचेवर हा दोष दिसत नाही, म्हणून फोटोवरून घेताना भांडं पूर्ण कोरडं असतानाचा फोटो मागवा.